दाऊद गादी घर डॉट कॉम

शेवटच्या साध्या दिवशी सकाळी अब्बांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "नींद लगी?" मी पेपरातून डोकं वर न काढता रोजच्यासारखं म्हणाले, "लगी." आमच्या घरात हा प्रश्न सकाळच्या सलामासारखा होता. त्याचं उत्तर कुणी विचार करून देत नसे.

मग ते जिना उतरून खाली गेले. खाली म्हणजे 'दाऊद गादी घर'. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं हे दुकान, तळाला रुई पिंजायचं मशीन आणि वर आम्ही दोघं. जाता जाता म्हणाले, "तेल्हारेवाली बाई की गादी आज हो जाएगी. शाम को वेबसाइट पे लिख देना." मी 'हो' म्हटलं आणि डबा घेऊन कॉलेजात गेले. तिथल्या ग्रंथालयात मी नोकरी करते. संध्याकाळी परतले तेव्हा अब्बांच्या भुवया रुईने पांढऱ्या झाल्या होत्या आणि भिंतीशी एकीच्या जागी दोन गाद्या गुंडाळून, सुतळीने बांधून उभ्या होत्या.

"दो क्यूं?"

"रुई उनकी है ना. आधी रख लूं क्या?"

जेवताना त्यांनी वांग्याच्या भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय. ते म्हणाले, डॉक्टरको थोडी खाना है. एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला, पेपर उघडला, आणि बराच वेळ कुणी काही विचारलं नाही. पहाटे फजरची नमाज पढून ते पुन्हा आडवे झाले होते. ते तसेच होते.

हे सांगून झालं. आता वेबसाइटबद्दल सांगते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण अजून तिच्याबद्दलच विचारतो, आणि प्रत्येकाजवळ तिचा वेगळाच इतिहास आहे.

वेबसाइटची कल्पना कुंदनची. हा आमच्या समोरच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवतो. नागपूरच्या कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आला, तेव्हापासून गिऱ्हाइकाला 'युजर' म्हणू लागला. ते दिवस आमच्या धंद्याला बरे नव्हते. रस्त्याच्या तोंडाशी फोमच्या गाद्यांची काचेची शोरूम उघडली होती, आणि आत शिरताच अंगावर थंड हवा येई. इकडे खेड्यांतून घरचा कापूस येणं जवळपास थांबलं होतं. पूर्वी लेकीच्या लग्नाची गादी भरायला पहिल्या वेचणीचा कापूस घरात बांधून ठेवायचे. त्या वर्षांत वेचलेला कापूस उंबरठा न ओलांडता थेट गाडीत चढत होता. आमच्याकडे यायच्या त्या जुन्या गाद्या, पुन्हा पिंजायला.

"चाचा, साइट बोलली पायजे," कुंदन म्हणाला. "युजर आला, त्यानं पायलं अन् गेला, अशी साइट म्हणजे मेलेली साइट. त्याले बोलतं करा लागते. त्याचा फीडबॅक घ्या लागते. फीडबॅकवर धंदा वाढते."

"आपल्या दुकानात कोनी आला अन् न बोलता गेला, असं झालं काय कधी?" अब्बांनी विचारलं.

"थेच तर! थेच इंटरनेटवर करा लागते."

अब्बा गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी बोलत आणि घरात आमची बोली. कुर्त्याच्या दोन खिशांसारख्या त्या दोन भाषा होत्या, आणि कोणत्या खिशात काय आहे हे ते कधी चुकत नसत. कुंदनचं बोलणं मात्र दोन्ही खिशांत मावेना. तरी ते 'हो' म्हणाले. कुंदनला वाटलं, आपण पटवलं. मला वाटतं, 'फीडबॅक' म्हणजे काय हे कुंदनने समजावून सांगितल्यावर त्यांना तो आपल्याच धंद्यातला वाटला, म्हणून.

अब्बांची एक पद्धत होती. गादी पोचवली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या घरी जायचे, दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "झोप लागली का?" 'लागली' असं उत्तर आलं की गादी विकली गेली, असं ते धरत. तोवर ती फक्त पोचलेली असे. 'नाही' म्हटलं तर गादी खांद्यावर घालून परत. चहा विचारला तर आधी घ्यायचे नाहीत. चहा पाजणारा माणूस पाहुण्याला खरं सांगत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारणं वेगळं आणि नव्या नवरानवरीला विचारणं वेगळं. आमच्या निम्म्या गाद्या लग्नाच्या. लग्नघरी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक दाढीवाला गृहस्थ उभा राहतो आणि अत्यंत गंभीरपणे विचारतो, "झोप लागली का?" आत मावश्या-आत्या पदर तोंडात कोंबतात. नवरदेवाला कुठे तोंड लपवू असं होतं. अब्बा उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. ते हसणं त्यांना कळत नव्हतं, की कळत असून ते त्याला धंद्याच्या आड येऊ देत नव्हते, हे मला कधीच समजलं नाही. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची. समजायला लागल्यावर जाणं बंद केलं.

म्हणून वेबसाइट ठरली तेव्हा आमच्यात करार झाला. अब्बा म्हणाले, "पूछना मेरा, लिखना तेरा." मी एमए, शिवाय ग्रंथपाल. लिहिण्याला माझी हरकत नव्हती. कुणाच्या दारात उभं राहून तो प्रश्न तोंडाने विचारावा लागणार नाही, एवढंच मला हवं होतं.

कुंदनने तयार नमुन्यातून एक अभिप्रायाचा तक्ता आणला होता. 'आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?' आणि खाली पाच तारे.

"समाधान?" अब्बा म्हणाले. "समाधान आपल्या हातात हाय काय, बेटा? गादीवाल्यानं गादीपुरतं विचारा."

तारे गेले. त्या जागी मोठ्या अक्षरात आलं, 'झोप लागली का?' खाली दोन गोल, 'लागली' आणि 'नाही लागली', आणि त्याखाली 'काहून?' लिहिलेली मोकळी चौकट. 'काहून'ऐवजी 'का' लिहू, असं मी सुचवलं. अब्बा म्हणाले, तसं विचारलं तर लोकांना वाटेल सरकारी माणूस आलाय. गादी घेतलेल्यालाच हा तक्ता दिसावा असं ठरलं होतं. पण ते जमवायला कुंदनने जो कोर्स करायला हवा होता, तो त्याचा राहिला होता. त्यामुळे तक्ता पहिल्याच पानावर बसला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे.

पहिला घोळ मात्र फोटोने केला. आमचे शेजारी देवीदासकाका तहसीलमधून निवृत्त झालेले. अख्ख्या गल्लीत कुणाचंही काम त्यांच्या सल्ल्याशिवाय बिघडत नसे. ते म्हणाले, "गादीवर झोपलेल्या मानसाचा फोटो पायजे. तृप्त चेहरा पायजे." तृप्त चेहरा कुणाचा, यावर ते थोडे थांबले आणि स्वतःच गादीवर आडवे झाले. पांढरा सदरा, हात पोटावर, डोळे मिटलेले. फोटो खरोखर चांगला आला. कुंदनने तो नमुन्यातल्या फुलांच्या चौकटीत बसवला, आणि वर दुकानाचं नाव सोडून पानावर पहिला शब्द आला तो 'विश्रांती'.

संध्याकाळपर्यंत काकांच्या साडूचा धामणगावहून फोन. काकूंनी उचलला. पलीकडून आधी रडणं, मग चौकशी, "कवा झालं?" काकू म्हणाल्या, "काय कवा झालं? आंघोळीले गेले थे." काका टॉवेलवर बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या निधनाचं स्वतः खंडन केलं. पलीकडच्याला ते पटायला वेळ लागला. पुढले काही दिवस काका भेटेल त्याला आपण जिवंत असल्याचं सांगत होते, आणि त्यात थोडी नाराजीही होती, कारण कोण कोण रडलं नाही हेही त्यांना कळलं होतं. फोटो काढून टाकू, असं अब्बांनी तीनदा सुचवलं. काका म्हणाले, "राहू दे. चौकट बदल. फोटो चांगला हाय."

मग उत्तरं यायला लागली. बहुतेक तालुक्याच्या गावांमधून, सायबर कॅफेतून नाही तर झेरॉक्सच्या दुकानांतून, मराठी पण रोमन लिपीत. मी ती वाचून दाखवायची आणि अब्बा उत्तर सांगायचे. कुंदन दर आठवड्याला आकडे काढायचा. 'लागली' म्हणणारे थोडे. 'नाही लागली' म्हणणारे भरपूर. आणि त्यातल्या बहुतेकांनी आमची गादी कधी पाहिलीसुद्धा नव्हती.

बार्शीटाकळीच्या एकाने लिहिलं होतं, लाईन रात्रीच येते, मोटार चालू करून पाणी द्यायला शेतात जावं लागतं, झोप लागेल कधी?

अब्बांनी दाढी खाजवली. "लिख. भाऊ, दुपारी निंबाखाली झोपत जा. गादीची गरज नाही. पायाले तेल लावजो."

"चाचा!" कुंदन ओरडलाच. "हा फीडबॅक हाय, चाचा. तुमी गिऱ्हाइकालेच सांगून राहिले, गादी घेऊ नको म्हनून!"

"त्याले नाही पायजे ना गादी."

"मंग धंदा कसा वाढन?"

"त्याले झोप लागली तर थो सांगन ना कोनाले तरी."

कुंदनने शिबिरात मिळालेली फाईल उघडून पाहिली. तिच्यात अशा उत्तराची सोय नव्हती. पण पुढच्या महिन्यात बार्शीटाकळीहून एक माणूस खरंच आला, त्याच शेतकऱ्याचा मेहुणा, आणि लग्नासाठी गाद्यांचा पूर्ण संच सांगून गेला. कुंदनने भिंतीवर आलेख लावला. त्यात रेघ एका ठिकाणी वर गेली होती. ती तशीच ठेवण्यासाठी त्याने पुढे बरेच दिवस नवा आलेख काढला नाही.

सगळं असं सरळ झालं नाही. पुण्याच्या एका बाईंनी हौसेने गादी मागवली. पार्सलवाल्याने ती दोरखंडाने अशी आवळली की ती पोचली तेव्हा रताळ्यासारखी दिसत होती, असं त्यांनी कळवलं. ते मान्य करण्यासारखं होतं. पण पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या संकेतस्थळावरील प्रश्न अनावश्यक जवळीक दाखवणारा व उद्धट वाटतो.' मी हे वाचून दाखवलं तेव्हा मला आतून थोडं बरंही वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूचं निघालं. अब्बांनी विचारलं, "लेकिन नींद लगी क्या उनको?" तेवढं त्यांनी लिहिलं नव्हतं. अब्बांनी ती गादी शेवटपर्यंत विकली गेलेली मानली नाही.

आणि मग ती बातमी आली. एका स्थानिक पेपराने आतल्या पानावर छापलं, 'झोप न येणाऱ्यांना अकोल्यात मोफत सल्ला'. गादी हा शब्द बातमीत शेवटच्या ओळीत होता आणि शेवटची ओळ जागेअभावी कापली गेली होती. दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोर माणसं बसायला लागली. कुणी पुडी मागे, कुणी ताईत. एक आजी काचेची रिकामी बाटली घेऊन आल्या. अब्बा प्रत्येकाला बसवून घ्यायचे आणि विचारायचे, झोप काहून नाही लागत? लोक सांगायचे. कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या पोराच्या नोकरीचं, कुणाच्या कापसावरच्या अळीचं. ते ऐकून घ्यायचे. उपाय असा त्यांच्याजवळ काही नव्हता. माणसं उठताना मात्र म्हणायची, बरं वाटलं. अब्बा म्हणायचे, बरं वाटलं ते ठीक, उद्या येऊन सांगजो झोप लागली का.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे अमरावतीच्या एका कार्यालयातून पत्र आलं. 'आपण विनापरवाना निद्राकारक औषधांची विक्री करीत असल्याबाबत.' देवीदासकाकांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "खुलासा मी लिहितो," ते म्हणाले. त्यांनी इतका सविस्तर खुलासा लिहिला की उत्तरादाखल थेट निरीक्षकच आले.

उन्हाचे दिवस. निरीक्षक बडनेऱ्याहून पॅसेंजरने उभ्याने आलेले. त्यांनी रुईची पोती उघडून पाहिली, मशीनखाली वाकून पाहिलं, अब्बांच्या डोकेदुखीच्या मलमाची डबी जप्त करून परत केली. मग म्हणाले, "पण लोकांना झोप येते कशानं? काही तरी असेलच ना."

"गादीनं, साहेब."

"नुसत्या?"

"टेकून पाहा ना तुमी."

ते चाचणीसाठी म्हणून टेकले. थोड्या वेळाने त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

दुकानात चौघं होतो आणि चौघंही कुजबुजत. कुंदन म्हणाला, उठवा. काका म्हणाले, "खबरदार! ड्यूटीवरच्या मानसाले हात लावला तर सरकारी कामात अडथळा होते." कुंदन म्हणाला, पण तो झोपला आहे. काका म्हणाले, "थो तपासणी करून राहिला." अब्बांनी मशीन बंद केलं, पंखा निरीक्षकांकडे वळवला आणि दाराचं शटर अर्धं खाली ओढलं. सहाच्या सुमारास निरीक्षक उठले. कुणाकडे न पाहता त्यांनी तोंड धुतलं आणि जागेवरच अहवाल लिहिला, 'कोणतेही औषध आढळून आले नाही.' ते पायऱ्या उतरत असताना अब्बांनी विचारलंच, "साहेब, झोप लागली का?"

मी मान फिरवून रस्त्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "घरी लहान बाळ आहे हो." आणि थोड्या वेळाने, "लागली."

तेल्हाऱ्याच्या माणिकबाईंचं उत्तर आलं ते पावसाळा सरताना. मी ते नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच आवाज खाली आला.

'नाही लागली. गादी चांगली आहे. तुमच्याच दुकानची आहे, माझ्या लग्नातली. आता मोठी होते. आमच्या घरचे पोळ्यानंतर गेले.'

ही तक्रार होती की नव्हती, हे आकड्यांत कसं मांडायचं ते कुंदनला समजेना. अब्बा मशीनजवळ गेले, तिथली रुई उगीच इकडची तिकडे केली आणि परत आले.

"लिख. बाई, गादी पाठवून द्या. लहान करून देतो."

दूधवाल्या जीपच्या टपावरून गादी आली. अब्बांनी तिचे टाके उसवले, रुई बाहेर काढली आणि हातात घेऊन मला दाखवली. बाईंच्या माहेरच्या शेतातली रुई, त्यांच्या बापाने स्वतः आणून दिलेली. अब्बांना तो माणूस आठवत होता. दुकानाच्या पायरीवर बसून गादी भरून होईपर्यंत त्याने पापणी हलवली नव्हती, रुईत कुणी काही मिसळेल म्हणून. तीच गादी, जिच्या एकीच्या दोन झाल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या, त्या संध्याकाळी.

त्यानंतर दुकान बंद होतं. लोक येत होते. देवीदासकाका रोज येऊन बसायचे आणि सल्ला देत नव्हते, त्यामुळे घर फार शांत वाटायचं. एकदाच म्हणाले, "हार माह्या फोटोले लागला होता, अन् हा मानूस..." आणि चष्मा पुसत बसले.

साइट चालूच होती. ती बंद करायची कुणाला आठवण नव्हती. रोज कुणी ना कुणी तिच्यावर लिहीत होतं, लागली, नाही लागली, भाऊ उत्तर काहून नाही देत. कुंदन एकदा जिन्यात उभा राहून म्हणाला, "ताई, काय करू? बंद करू?"

मी म्हटलं, "आधी तेल्हाऱ्याच्या गाद्या पोचवायच्या आहेत."

"जीपनं पाठवून देऊ ना."

"अन् विचारन कोन?" काका म्हणाले.

कुंदन म्हणाला, एसएमएस टाकू. काका म्हणाले, मी तहसीलच्या ओळखीने कुणाला तरी पाठवतो, विचारून येईल. दोघंही मनापासून बोलत होते. मी लिहिण्याबद्दल कधीच हरकत घेतली नव्हती, आणि लिहून विचारता आलंही असतं. पण त्या दोन गाद्या अजून विकल्या गेलेल्या नव्हत्या. अब्बांच्या हिशेबाने त्या फक्त तयार होत्या. त्यांनी केलेलं शेवटचं काम अर्ध्यावर उभं होतं, आणि उरलेलं अर्धं कराराप्रमाणे माझं नव्हतं.

एसटीत कंडक्टरने गाद्या पाहून हात वर केले. "बाई, हे सामान हाय की पाशिंजर?"

"सामान."

"सामान टपावर. पन टपावर कोंबड्यायची टोपली हाय. गाद्या खराब झाल्या तर मले बोलान."

शेवटी एक गादी मागच्या बाकावर चढली आणि दुसरी माझ्या शेजारी उभी, माणसासारखी. वाटेत चढलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहून अदबीने विचारलं, "ह्यायले बसाले जागा नाई काय?" सगळी बस हसली. मीही हसले. त्या दिवसांतलं ते पहिलंच हसणं, आणि ते मला कुणाला तरी घरी जाऊन सांगायचं होतं.

माणिकबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीच्या आतबाहेर, कपाळ मोकळं. गाद्या पाहून उठल्या.

"म्या तं एक सांगतली होती."

"कापूस तुमचा होता, मावशी. एकीच्या दोन झाल्या."

त्यांनी दोन्ही गाद्यांवरून हात फिरवला. मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "दाऊदभाई नाई आले?"

मी सांगितलं. त्यांनी आत जाऊन पाण्याचा गडू आणला, माझ्या हातात दिला आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलते," त्या म्हणाल्या. "तिथं, त्या दाराशी उभे. साऱ्या बाया हासून राहिल्या. आमच्या घरचे असे लाजले, असे लाजले, का गोठ्यात जाऊन बसले. जेवाले बलावलं तरी येईनात."

"मग उत्तर कुणी दिलं?"

"म्याच देल्लं. लागली म्हनलं." त्या पदराआड हसल्या. "लागली नोती वं, माय. नव्या घरात कोनाले झोप लागते? पन भाऊ उनातानाचे आलते. त्यायले नाई कसं म्हना?"

म्हणजे अब्बांच्या हिशेबातली निदान एक गादी खोट्या उत्तरावर विकली गेली होती, आणि तीही चहाशिवाय. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्या बसने येऊन ती परत नेली असती.

परतीची बस निघून गेली होती. तशीही मला सकाळपर्यंत थांबायचंच होतं. माणिकबाईंनी दोन्ही गाद्या शेजारी शेजारी अंथरल्या, मधे हातभर जागा ठेवून. एक त्यांची, एक माझी. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी उठले तेव्हा त्या चुलीशी होत्या. चूल पेटत होती, आधण ठेवलेलं. मी चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेले आणि परत येऊन दारात उभी राहिले. घरात झोपलेल्या माणसाने बाहेर जाऊन दारात यायचं, हे हास्यास्पद होतं. शेजारची एक बाई हंडा घेऊन चालली होती, तीही थबकून पाहायला लागली.

"ये ना वं आत," माणिकबाई म्हणाल्या. "तिथं काहून उभी? चा होऊन राहिला."

"चहा नंतर, मावशी."

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या उभ्या राहिल्या. अब्बा हे इतक्या सहज कसं म्हणायचे, कोण जाणे. शेजारीण हंडा कमरेवर सावरून ऐकत होती. मी चौकटीला हात टेकला आणि मोठ्याने, त्यांच्या घरात आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मावशी, झोप लागली का?"